आग्रह न करणारे चौगुले सर

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत भर दुपारी कुणाच्या घरी गेलात आणि चहा नको म्हणालात, तर चहा येतो. दुसऱ्यांदा नको म्हणालात, तर चहाबरोबर खारी येते. तिसऱ्यांदा म्हणायची सोयच नसते, कारण तोवर घरातल्या बाईनं परातीत पीठ घेतलेलं असतं आणि घरधनी तुमच्या चपला उचलून आत ठेवून आलेला असतो. जेवताना वाटीवर आडवा हात धरला, तर वाढणारा हात चुकवून कडेनं तांबडा रस्सा ओततोच. आपल्याला काय हवं ते आपल्या तोंडानं सांगायची इथं रीत नाही. ते दुसऱ्यानं ओळखायचं, आणि ओळखलंय हे चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं. पहिलं 'नको' तर कुणी हिशेबात धरतच नाही.

अशा पेठेत कृष्णात चौगुले सर राहत, आणि त्यांच्या घरी चहा नको म्हटलं की चहा येत नसे.

"चहा घेणार का?" सर विचारत. पाहुणा रीतीप्रमाणे म्हणे, "नको, आत्ताच झालाय." सर मान हलवून "बरं" म्हणत आणि खरोखरच गप्प बसत. पाहुणा जरा चुळबुळ करी, आतल्या दाराकडं बघी, मग कोरड्या घशानं उठून जाई आणि कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर सांगे, "चौगुले सरांच्यात पानीबी इचारून देत्यात!"

सर चिकट नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पेठेनं तो शिक्का त्यांच्यावर कधीच मारला होता. सरांचा घोटाळा वेगळा होता, आणि तो त्यांच्या वडलांपासून सुरू होतो.

वडील बाळासो चौगुले गूळ बाजारात सौदे पुकारायचे. आवाज असा की सौद्याच्या पार पलीकडच्या टोकाला उभा असलेला व्यापारीही दचकावा. तोच आवाज ते घरी घेऊन यायचे. कृष्णातला चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं. बाळासो म्हणाले, "चित्रं काढून कोन जगलंय? मास्तर हो." कृष्णात मास्तर झाला. विषय कुठला घ्यायचा हेही बाळासोंनीच अडतीवर कुणालातरी विचारून ठरवलं. एक दिवस ते गडहिंग्लजहून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "पोरगी बघून आलोय. तारीख धरलीया." अंतरपाट खाली आला तेव्हा कृष्णातनं बायकोचं तोंड पहिल्यांदा बघितलं. पोरगी चांगली निघाली, हा तिच्या आईबापाचा गुण. बाळासोंना त्याचं श्रेय द्यायचं कारण नाही, पण ते त्यांनी मरेपर्यंत घेतलं.

ते गेल्यावर, एक्क्याण्णव साली, कॉलेजनं सरांना पुण्याला एका शिबिराला पाठवलं. सर मानसशास्त्र शिकवत, म्हणजे खरं तर नोट्स सांगत. 'मानवतावादी दृष्टिकोन' हे त्यातलं एक प्रकरण, परीक्षेला टीप हमखास येणार म्हणून पोरं तेवढं पाठ करून जायची. पुण्यात देवधरबाई नावाच्या पिकल्या केसांच्या समुपदेशिका होत्या. त्यांनी तेच प्रकरण पुस्तक न उघडता सांगितलं. माणूस मुळात वाढणारा असतो, म्हणाल्या. त्याला ढकलू नका, उपदेश पाजू नका. तीन गोष्टी करा. कसलीही अट न घालता तो आहे तसा स्वीकारा. त्याच्या जागी उभं राहून त्याला काय वाटतं ते समजून घ्या. आणि तिसरी म्हणजे त्याच्याशी खरं वागा, आपल्या आत एक आणि तोंडावर एक असं ठेवू नका. एवढं मिळालं की तो आपली वाट आपण शोधतो.

मग जोड्या पाडल्या. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. सर एकटे उरले म्हणून स्वतः बाई त्यांच्यासमोर बसल्या. सर बोलता बोलता वडलांवर आले, चित्रांवर आले. बाई ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला कुणी विचारलंच नाही." पस्तिशीचा माणूस, अनोळखी लोकांच्या देखत, रुमाल तोंडाला लावून हमसून हमसून रडला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना काहीही करायला न सांगता नुसतं ऐकलं होतं.

परतीच्या एसटीत सरांनी ठरवून टाकलं. माझ्या घरात आता कुणाचा आवाज कुणावर चढणार नाही. 'असंच कर' हे शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत. ज्याला जे हवं ते त्यानं ठरवावं, मी त्याचा मान ठेवीन. इतका चांगला निश्चय करून फार थोडे नवरे घरी आले असतील. पण देवधरबाईंनी सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन सरांनी छातीशी धरल्या, आणि तिसरी फळ्यावर लिहिण्यापुरती ठेवली. ती पुढं दर वर्षी ते फळ्यावर लिहीत राहिले, 'क्रमांक तीन, सच्चेपणा', आणि खाली रेघ मारीत.

कॉलेजात जिमखान्यामागची एक खोली त्यांनी मागून घेतली. दोन खुर्च्या टाकल्या. शनिवारी दुपारी, ज्याला मनातलं बोलायचंय त्यानं यावं. आता कोल्हापुरात माणूस मनातलं बोलायला कुणाकडं जातो ते समोरच्यानं फटकन निकाल द्यावा म्हणून. पहिला जो टिकला तो ज्ञानू, हातकणंगल्याकडचा, फाउंड्रीत साचे भरणारा. थोरल्या भावाशी बोलणं तुटलेलं आणि झोप उडालेली.

"थोरला बोलत न्हाय सर. वाटेत दिसला तर तोंड फिरवतोय."

"भाऊ बोलत नाही याचं तुम्हाला दुःख होतंय."

"व्हय." ज्ञानू थांबला. सरही थांबले. बराच वेळ दोघं एकमेकांकडं बघत बसले. "मग सांगा की."

"काय?"

"काय करू त्ये! त्यासाठनं रजा टाकून आलोय न्हवं?"

"काय करावं ते कुणीतरी सांगावं असं तुम्हाला वाटतंय."

"कुनीतरी न्हाय वो, तुमीच!" ज्ञानू ओरडला.

तरी तो परत आला. कारण त्याचं वाक्य मधे न तोडणारा माणूस सगळ्या जिल्ह्यात त्याला दुसरा भेटला नव्हता. असा येत राहिला, बोलत राहिला, एका शनिवारी खुर्चीत वाकून रडला. त्याच्या पुढच्या शनिवारी आला तो दारातूनच म्हणाला, "सर, गेलतो. तुमी सांगितलं न्हवतं, तरी गेलतो भावाकडं. वैनीनं जेवायला बसवलं." सरांना त्या दिवशी घरी चालत जाताना पाय जमिनीला लागत नव्हते. ही पद्धत खरी आहे, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि ती खरी होतीच, त्यात काही चूक नव्हती.

घरीही सुरुवातीला असंच झालं. शालन, सरांची बायको, गडहिंग्लजच्या एका शाळामास्तरांची लेक. बारावीनंतर तिला घरी बसवलेलं. सरांनी एका संध्याकाळी तिला विचारलं, "तुला काय करावंसं वाटतं?" तिच्या हातातलं लाटणं थांबलं. असं तिला बापानंही विचारलं नव्हतं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, पण आठवड्याभरानं ती चाचरत म्हणाली, "बालवाडीच्या बाईंचा कोर्स असतोय म्हनं." सरांची आई अंबूबाई हे ऐकून भांडी आपटू लागल्या. सर शांतपणे म्हणाले, "तिला वाटतंय ना, मग ती करेल." त्यांची लेक शिवानी तेव्हा तान्ही होती. शालननं तिला सासूकडं ठेवून कोर्स केला, पहिली आली, पेठेतल्या पोरांची बालवाडी घेऊ लागली. त्या दोन-तीन वर्षांत त्या घरात इतकं सुख होतं, की नंतर सरांना ते आठवायचीही भीती वाटे.

मग हळूहळू काहीतरी आंबत गेलं. शालन दोन लुगडी पुढं धरून विचारी, "कुठली नेसू?" सर म्हणत, "तुला आवडेल ती." सरांना हिरवं आवडायचं. हिरव्यात ती दारातून आत आली की त्यांच्या छातीत काहीतरी हलायचं. पण सांगितलं तर ती आपल्यासाठी नेसेल, आणि मग ते तिचं राहणार नाही, असा सरांचा हिशेब. एकदा तिला सणकून ताप होता. म्हणाली, "उठते मी, सैपाक करते." तिची अपेक्षा अशी, की नवरा खेकसेल, 'गप पड, उठलीस तर बघ.' सर म्हणाले, "तुला जमेल असं वाटत असेल तर कर." ती उठली, भाकरी केल्या आणि चुलीपाशी रडत बसली. सर तिच्याजवळ जाऊन बसले. तिला काय होतंय ते ओळखण्यात ते आता तरबेज झाले होते.

"तुला माझा राग आलाय."

"न्हाई."

"तुला असं वाटतंय की मी तुझी काळजी..."

"मला काय वाटतंय ते मला म्हाईत हाय!" शालन म्हणाली. "रोज त्येच! माझंच बोलनं धुऊन माझ्या हातात देताया. तुमास्नी काय वाटतंय? त्ये सांगा की येकदा!"

सरांना पुष्कळ काही वाटत होतं. पण 'मला अमुक हवं' असं म्हणायला तोंड उघडलं की घशात बाळासोंचा आवाज वर येतोय असं त्यांना वाटे, गूळ बाजारातला. त्या आवाजाखाली आपण जसे दबलो तशी ही दबेल. म्हणून ते आवंढा गिळत. बिचाऱ्यांना वाटत होतं, ते बायकोला मोकळं ठेवतायत. बायकोला वाटत होतं, आपण असलो काय, नसलो काय, या माणसाला सारखंच.

शालनच्या वडलांना, आण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. मुलगा नाही, आई कधीच गेलेली. शालन शिवानीला घेऊन गडहिंग्लजला गेली, महिनाभर राहून आली, परत गेली. प्रत्येक वेळी विचारी, "जाऊ का?" प्रत्येक वेळी उत्तर येई, "तुला जावंसं वाटतं ना, जा." आणि मग दोन हजार एकच्या मे महिन्यात ती बॅग भरून पुढच्या सोप्यात उभी राहिली. तिथल्या एका शाळेत बालवाडीला बाई हव्या होत्या. शिवानी आधीच रिक्षात जाऊन बसली होती.

"तिकडंच राहू म्हनते मी," शालन म्हणाली. "आण्णांचंबी होतंय, नोकरीबी. चालंल न्हवं तुमास्नी?"

सर खांबाला टेकून उभे होते. आतून सगळा जीव 'नको जाऊ' म्हणून कोकलत होता. आण्णांना इकडं आणू, नोकरी इथं बघू, काहीही करू, पण तू जाऊ नको. हे सगळं अगदी ओठापाशी आलं होतं. सर म्हणाले, "हा तुझा निर्णय आहे. मी त्याचा आदर करतो."

घरात सर पूर्वी कोल्हापुरीच बोलत. पुण्याहून आल्यापासून महत्त्वाचं काही बोलायचं झालं की त्यांची भाषा अशी इस्त्री केलेली होई. शालननं मान हलवली. वाकून चपलेचा पट्टा लावला. सैल वाटला म्हणून सोडला, परत लावला. मग दुसऱ्या पायाचा. एवढा वेळ चप्पल घालायला कुणालाही लागत नाही. सर ते बघत होते, आणि ती वाट बघतेय हे त्यांना कळत होतं. तेवढं कळायचं शिक्षण त्यांनी घेतलंच होतं. रिक्षा गेल्यावर आतून अंबूबाई गरजल्या, "आरं मुडद्या, हाताला धरून आत घे की तिला!" सर म्हणाले, "आई, ती काय वस्तू आहे का?" आणि दार लावून घेतलं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. शनिवारची खोली चालू राहिली. लोक येत, बोलत, हलके होऊन जात. सर त्यांचं सगळं ऐकत आणि संध्याकाळी पेठेत परतत, तेव्हा दिवसभरात त्यांनी स्वतःबद्दल एक अवाक्षर काढलेलं नसे. घरी पाहुणे यायचे कधीच थांबले होते. शिवानी सुट्टीत येई. सर तिला विचारत, "कुठं जायचं? काय खायचं? किती दिवस राहायचं?" पोरगी प्रश्नांनीच दमून जाई आणि ठरल्याआधीच परत जाई. आण्णा वारले तेव्हा सर गडहिंग्लजला जाऊन आले. आता ती परत येईल, असं त्यांना वाटलं. ती आली नाही, कारण ये म्हणून कुणी म्हटलंच नव्हतं. अंबूबाई रोज जेवताना तेच टुमणं लावीत, "जा आन् आन तिला." सर भात कालवत राहत. कुणी त्यांना जवळ बसवून विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की रात्री अंथरुणावर पडल्यावर ते सोप्यातल्या खांबापाशी परत उभे राहतात आणि 'नको जाऊ' म्हणतात. पण विचारायचं काम पेठेत त्यांचंच होतं. ते ऐकणारे होते, त्यांचं ऐकायला कोण येणार?

दोन हजार सहाच्या थंडीत अंबूबाई गेल्या. शालन पहिल्या एसटीनं आली. आली ती पदर खोचून घर हातात घेऊन उभी राहिली, जशी मधली वर्षं नव्हतीच. मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकीतून पिठलं-भाकरी आली. पानं मांडली, माणसं बसली, आणि जोवर सुतकातला कर्ता घास घेत नाही तोवर कुणी हात लावीना. सर पानावर बसले खरे, पण घास उचलवेना. म्हणाले, "मला नको. खरंच नको." आणि त्यांच्या तोंडी ते खरंच असणार, हे भावकीला ठाऊक होतं. सगळे एकमेकांकडं बघू लागले.

शालन उठून त्यांच्यासमोर येऊन बसली. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला, तोंडासमोर धरला.

"घ्या."

"नको, शालन."

"येक घास."

"मला इच्छा नाही."

"इच्छा कोन इचारतंय तुमास्नी? घ्या म्हनते ना. आईंच्या मागनं तुमालाबी जायाचं हाय का? आ करा."

तिनं जवळजवळ कोंबलाच तो घास. सरांनी तो चावला, आणि चावता चावता त्यांना रडू फुटलं. आईसाठी फुटलं असं सगळ्यांना वाटलं. ते आईसाठी होतंही, पण अर्धंच. अर्धं वेगळं होतं. मी जगावं असं कुणालातरी वाटतंय, मला वाटत नसलं तरी तिला वाटतंय, हे त्या घासात होतं. त्यात ढकलणं होतं, जबरदस्ती होती, सगळं होतं, आणि तरी सरांना बाळासोंचा आवाज त्यात कुठंच ऐकू आला नाही. बाळासोंना फक्त स्वतःचं ऐकवायचं होतं. हिला माझं दुःख दिसत होतं, आणि ते बघून ती गप्प बसली नव्हती. त्यांना पुण्यातली तिसरी गोष्ट आठवली, खाली रेघ मारलेली. वर्षानुवर्षं त्यांनी सगळ्यांना समजून घेतलं होतं आणि स्वतः मात्र कुणाच्या हाती लागले नव्हते. हे त्यांना एका घासात कळलं, आणि फार उशिरा कळलं.

सुतक फिटलं, शालन जायला निघाली. सर तिला स्टँडवर सोडायला गेले. बोलायचं होतं. एसटी आली, खिडकीपाशी गर्दी झाली, आणि एवढ्या वर्षांचं मुकेपण असं एका दिवसात सुटत नसतं. सर म्हणाले, "जपून जा." घरी येऊन खांबाला डोकं टेकून उभे राहिले.

त्यानंतर किती तरी महिने ते एक वाक्य मनात घोळवीत होते. कॉलेजात एकदा प्रकरण शिकवताना 'क्रमांक तीन'पाशी खडू हातात धरून इतका वेळ थांबले, की पोरांना वाटलं सर विसरले. अखेर एका रविवारी सकाळी ते गडहिंग्लजच्या एसटीत बसले. कागल, निपाणी, संकेश्वर... सगळ्या वाटेनं ते तोंडातल्या तोंडात वाक्य म्हणत होते. पुण्याच्या भाषेत म्हणून बघितलं, 'तू परत यावंस अशी माझी इच्छा आहे.' ते त्यांना स्वतःलाच परीक्षेतल्या उत्तरासारखं वाटलं.

शालन आण्णांच्या घराच्या अंगणात बालवाडीसाठी पुठ्ठ्याचे पक्षी कापत बसली होती. शिवानी सांगलीला कॉलेजात. घर नीटनेटकं, पुढं अबोलीची दोन झाडं, भिंतीवर पोरांची चित्रं. येता-जाता बाया "बाई, हाय काय?" म्हणून डोकावत होत्या, आणि ती एका हातानं कात्री चालवत, दुसऱ्यानं त्यांना बस म्हणत होती. सर जरा वेळ फाटकापाशीच उभे राहिले. आपण कधी काळी विचारलेल्या एका प्रश्नातून हे सगळं उगवलंय हे त्यांना दिसलं, आणि अभिमान वाटला. मग फाटकाची कडी काढून ते आत गेले.

"आलासा?" शालन म्हणाली. "बसा की. च्या टाकते."

"नको," सर सवयीनं म्हणाले.

"नको काय? टाकलाबी." ती आत गेली. चहा झाला, मग जेवण झालं. सरांनी दोनदा ताटावर हात धरला, आणि दोनदा तिनं हाताच्या कडेनं आमटी वाढली. पाहुण्याला वाढावं तशी वाढली. हे सरांना लागलं, पण ते निमूट जेवले.

परतीची शेवटची सोयीची गाडी दुपारची होती. शालन स्टँडपर्यंत सोडायला आली. गाडी लागलेली होती, कंडक्टर खाली चहा पीत होता. सरांनी पायरीवर एक पाय ठेवला, आणि मग काढून घेतला.

"शालन, घरला चल की."

तिनं चमकून बघितलं. हा आवाज तिनं लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ऐकला होता, त्यानंतर नाही.

"नको," ती म्हणाली.

आजवर सरांनी या शब्दापुढं कधी पाऊल टाकलं नव्हतं. "चल. मला करमत न्हाय तुझ्याबिगार. त्या दिवशी चप्पल घालत हुतीस, तवाच म्हनायचं हुतं, जाऊ नको म्हनून. घशातच राहिलं."

"मला दिसलं हुतं ते," शालन म्हणाली. "म्हनून तर पट्टा सोडून परत लावला. तवा नुसतं 'गप ऱ्हा' म्हनला असतासा ना, तर बॅग आत फेकली असती मी."

"मग आता चल. पोरं हितं हायत, तिथंबी हायत. चल की गं."

स्टँडवर पोरं शेंगा विकत होती, कुणीतरी कानडीत कुणाला तरी हाका मारत होतं. ती विचार करत होती, आणि सर तिच्या तोंडाकडं बघत होते. आता दुसरं 'नको' आलं तर ते रीतीचं नसेल, हे त्यांना आधीच कळून चुकलं.

"न्हाई, अवो," शालन म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आता न्हाई. तुमीच इचारलंतासा न्हवं, तुला काय करावंसं वाटतं? त्ये मला आता घावलंय. ही साळा, ही पोरं, हे घर. हे सोडून आले तर मी परत तुमच्या तोंडाकडं बघत बसंन. मला न्हाई जमायचं."

तिला काय वाटतंय ते सरांना पुरतं समजलं. नेहमीसारखंच समजलं, कणभरही कमी नाही. फक्त या वेळी त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसले नाहीत, तसेच तिच्याकडं बघत उभे राहिले. कंडक्टरनं कप ठेवला, गाडीत चढला आणि म्हणाला, "पावनं, येताय का ऱ्हाताय?"

सर चढले. दाराजवळचीच जागा मिळाली. घंटी झाली, इंजिन घरघरायला लागलं. तेवढ्यात शालन खिडकीपाशी आली आणि तिनं गजाला धरलं.

"अवो."

"काय?"

"येनार न्हाई मी," ती म्हणाली. "पन अजून येकदा म्हना."

सरांनी गजावरच्या तिच्या बोटांवर हात ठेवला. गाडीतली माणसं बघत होती. सरांनी आवाज खाली घेतला नाही.

"घरला चल की, शालन."

ती डोळे मिटून ऐकत होती. मग तिनं हात काढून घेतला, आणि गाडी सुटली.